फोन आडवा केला की फॉर्म कोरा का होतो?

अरे, हा बग नाही. स्क्रीन फिरली की अँड्रॉइड तुझी अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपचा एक स्क्रीन सांभाळणारा कोडचा भाग) मोडतो आणि नव्याने उभी करतो. तिच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं तिच्यासोबत जातं. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टीमला सांगणारी फाइल) पोर्ट्रेट म्हणजे उभी स्क्रीन लॉक करून मोकळं व्हायचा मोह आवर. अ‍ॅप अँड्रॉइड 16 साठी बनवलंय असं जाहीर केलंस (टार्गेट केलंस) की टॅब्लेटसारख्या, लहान बाजूही 600 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) किंवा त्याहून मोठी असलेल्या स्क्रीनवर सिस्टीम ते लॉक जुमानतच नाही (गेम्सना तेवढी सूट आहे). शिवाय डार्क मोड किंवा भाषा बदलली तरी हाच प्रकार होतो, तिथे लॉक काय कामाचं?

सर्व्हरवरून आणलेली यादी व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा अ‍ॅक्टिव्हिटीबाहेर धरून ठेवणारा क्लास) ठेव, ती फिरवाफिरवीतून वाचते. पण मेमरी कमी पडून सिस्टीमने अ‍ॅपची प्रोसेसच (मेमरीत चालू असलेलं अख्खं अ‍ॅप) मारली, तर व्ह्यूमॉडेलही गेलं. म्हणून अर्धवट भरलेला मजकूर, निवडलेला टॅब असल्या छोट्या गोष्टी सेव्हड् स्टेटमध्ये टाक, ती सिस्टीम जपून ठेवते आणि स्क्रीन पुन्हा उभी करताना परत देते. कंपोज (अँड्रॉइडचं स्क्रीन बनवायचं टूलकिट) वापरत असशील तर त्यासाठी रिमेंबरसेव्हेबल हे फंक्शन आहे. छोट्याच हं! तिथे फोटो कोंबलेस तर अ‍ॅप क्रॅश होईल.

टेस्टिंगला फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोंट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू कर (स्क्रीन सोडली की अ‍ॅक्टिव्हिटी लगेच मोडते), फॉर्म अर्धा भर, होमवर जा आणि परत ये. मोठ्या स्क्रीनवर तपासायला टॅब्लेट नसेल तर एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारं आभासी डिव्हाइस) चालेल.