जपानमधल्या समाजकार्याच्या सुरुवातीच्या काळात स्त्री-पुरुषांच्या भूमिका वेगळ्या होत्या का?

परीक्षेपुरतं हवं असेल तर हो, वेगळ्या होत्या. पदं, नियम आणि मान पुरुषांकडे. मुलं सांभाळणं, घरोघरी जाणं, वेश्याव्यवसायातून सुटलेल्या बायकांना आसरा देणं स्त्रियांकडे. पण पहिलं ते समाजकार्य आणि दुसरी ती नुसती माया, असं जे शिकवतात ते साफ चूक आहे. यावरून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना माझं मार्गदर्शकांशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

माझा प्रबंध याच विषयावर होता. जपानी येत असल्यामुळे मूळ साहित्य वाचता आलं. ‘प्रणेते’ या प्रकरणात 1887 मध्ये ओकायामाचं अनाथालय काढणाऱ्या इशिइ जूजींच्या बरोबरीने मी नोगुची युका आणि मोरिशिमा मिने यांना घेतलं. सरांनी त्या पानांवर लाल पेनने तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘बालवाडी. परिशिष्टात टाका.’

मी तडक केबिनमध्ये गेले. या दोघी बड्या सरदार घराण्यांच्या मुलांना शिकवायच्या. 1900 मध्ये त्यांनी टोकियोत गरिबांच्या मुलांसाठी फुताबा हे बालवाडीचं केंद्र सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सामेगाहाशीच्या झोपडपट्टीतच नेलं. आई-बाप दिवसभर राबणारे, त्यामुळे बालवाडीच्या ठरावीक तासांत आणि वयाच्या अटीत ते बसेना. मग 1916 मध्ये त्याचं रीतसर पाळणाघर झालं. 1922 मध्ये तोकुनागा युकी यांनी तिथेच निराधार आया आणि मुलांसाठी निवारा काढला. म्हणजे गरज बघायची आणि त्याप्रमाणे संस्था बदलायची. सर म्हणाले, “हे बायका घरीही करतातच. व्यवस्था कोणी उभारली ते सांगा.”

व्यवस्था म्हणजे ओसाकाची होमेन-इइन. 1918 मध्ये तांदळाच्या भाववाढीवरून दंगली झाल्या, त्याच वर्षी गव्हर्नर हायाशी इचिझो आणि त्यांचे सल्लागार ओगावा शिगेजिरो यांनी ती सुरू केली. गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसांनी बिनपगारी आपल्या भागातल्या गरिबांची चौकशी करायची. तिची जन्मकथा जपानमध्ये आवडीने सांगतात: हायाशी न्हाव्याकडे बसले होते, समोरच्या आरशात त्यांना रस्त्यावर मुलांसह संध्याकाळची वर्तमानपत्रं विकणारी बाई दिसली. त्यांनी चौकशी करायला लावली, तर नवरा आजारी आणि घर तिच्या जिवावर चाललेलं. मी सरांना विचारलं, आरशात दिसली ती बाई, नेमले ते बहुतेक पुरुष, हे तुम्हाला खटकत नाही? उत्तर मिळालं नाही.

नेमणुका अशा का झाल्या हे तर उघड आहे. 1900 च्या पोलीस कायद्याने स्त्रियांना राजकीय सभेला जायलाही मनाई होती, ती 1922 मध्ये उठली. मताचा हक्क मिळाला 1945 च्या डिसेंबरात. ‘प्रतिष्ठित नागरिक’ या शब्दांत त्या बसणार कशा?

आणि शिक्षण म्हणाल, तर जपान महिला विद्यापीठात समाजकार्याचा विभाग 1921 मध्येच निघाला. याच विद्यापीठातून शिकलेल्या आसागा फुसा पुढे अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन 1929 मध्ये टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात समाजसेविका म्हणून रुजू झाल्या. क्षयरोग्यांच्या घरची परिस्थिती समजून घ्यायची, घरी गेल्यावर त्यांचं कसं निभेल ते बघायचं. मी आज सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. वॉर्डातून फोन येतो, “मॅडम, सात नंबरचे नातेवाईक रडतायत, जरा बघा.” मी जाऊन रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि योजनेचे कागद जुळवते, तेव्हा कुठे त्या माणसाचं ऑपरेशन होतं. हे डोळे पुसण्याचं काम नाही.

सगळे पुरुष कचेरीत बसून होते असं मात्र लिहू नका. तोमेओका कोसुके यांच्या कातेइ गाक्कोत, म्हणजे 1899 च्या सुधारगृहात, मुलांना घरासारखं वाढवण्यावर भर होता आणि तिथे पती-पत्नी मिळून मुलांबरोबर राहत. उलट बाजूही आहे: पाळणाघरातली ‘होबो’ (मुलं सांभाळणारी) ही पात्रता युद्धानंतर कायद्याने फक्त स्त्रियांसाठी ठेवली, पुरुषांना ती 1977 मध्ये खुली झाली.

तुमचा निबंध असेल तर नोगुचींना हायाशींच्या आधी घ्या, सालाप्रमाणे त्या अठरा वर्षं आधीच येतात. कुणी परिशिष्टात टाका म्हणालं तर कारण लेखी मागा. मी मागितलं होतं, आणि ते प्रकरण होतं तिथेच राहिलं.