छपरावर बर्फ टिकलेला बरा

प्रश्न : डिसेंबरपासून मुलीकडे टोरांटोला आलेय, बर्फ पडताना पहिल्यांदाच बघतेय आणि खिडकीत बसले की उठवत नाही. समोरच्या घराच्या छपरावर आठ दिवस झाले तरी हातभर थर तसाच आहे, आमचं छप्पर मात्र मध्ये उघडं पडलंय आणि कडेला जाड बर्फ, त्याला दोन-दोन फूट पागोळ्या गोठून लटकल्यात. दिसायला एकदम सुंदर, पण काल वरच्या खोलीत भिंतीलगत सीलिंगला ओल दिसली. बाहेर उणे १०, पाऊस नाही काही नाही, मग पाणी आलं कुठून?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : ताई, पाणी तुमच्याच छपरावरचं आहे आणि ते वितळवलं तुमच्याच हीटिंगने. मी मॉन्ट्रियलला चार हिवाळे काढलेत, तिथे शेजारचे आजोबा सांगायचे की बर्फ पडला की आधी छप्पर बघ, घरातली गरमी कुठून पळते ते कळतं. खोलीतली गरम हवा सीलिंगच्या फटींतून माळ्यावर जाते, छप्पर आतून तापतं, वरचा बर्फ खालच्या बाजूने वितळतो (बर्फात हवा अडकलेली असते म्हणून तो वरून गोधडीसारखा असतो, गारवा खालपर्यंत पोचू देत नाही), ते पाणी उतरत वळचणीला येतं आणि वळचण भिंतीच्या बाहेर, खाली गरमी नाही, तिथे पुन्हा गोठतं. असा बांध तयार होतो, तिकडे त्याला आइस डॅम म्हणतात. मागून येणारं पाणी त्याला अडून तुंबतं आणि शिंगल्सच्या (तिकडच्या छपरावरच्या चपट्या पट्ट्या, आपल्या कौलांसारख्या) खालून आत शिरतं. आपल्याकडे जुलैत पन्हळीत पानं अडकली की पाणी उलटं कौलांखाली येतं ना, तसंच. कौल काय, शिंगल काय, दोन्ही वाहत्या पाण्यासाठी, साचलेल्या नाही.

म्हणून समोरचं पांढरं छप्पर तब्येतीने चांगलं, फक्त दोन्ही छपरं ऊन येणाऱ्या एकाच दिशेची आहेत ना ते बघा, उन्हाने पण फरक पडतो.

आता कृपा करून जावईबापूंना हातोडी घेऊन वर चढू देऊ नका!! थंडीत शिंगल्स कडक होतात, फटाफट तुटतात, आणि त्या पागोळ्यांखाली नातवंडांना अजिबात उभं करू नका. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकने कडेचा तीन-चार फूट भुसभुशीत बर्फ ओढून काढायचा. बांध फोडायचाच असेल तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून तो बांधावर आडवा नाही, उताराच्या दिशेने उभा ठेवतात, म्हणजे पाणी जायला वाट होते. साधं मीठ टाकू नका, पत्रा गंजतो आणि खालची झाडं मरतात.

खरं काम माळ्यावरचं. आपल्या कौलारू घरात गरम हवा कौलांच्या फटींतून आपोआप निघून जाते, तिकडे ते मुद्दाम करावं लागतं, आधी सीलिंगमधल्या फटी बंद, मग जाड इन्सुलेशन, आणि वळचणीखालून थंड हवा आत येऊन आढ्याशी बाहेर पडेल अशी सोय. माळा बाहेरच्याइतकाच गार राहिला पाहिजे. दिव्यांची भोकं, माळ्यावर जायची झडप आणि मुख्य म्हणजे बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन तपासायला सांगा, कितीतरी घरांत तो बाहेर न काढता माळ्यातच सोडलेला असतो, मग गरम आणि दमट हवा थेट छपराखाली. तुमची ओल बाथरूमच्या जवळ असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.