दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नकोस

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. आईवडील एड्सने गेले. घरात आजी, मी आणि चौथीत शिकणारी बहीण. बहीण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, एआरटी सेंटरची (एचआयव्हीवरच्या उपचार केंद्राची) औषधं चालू आहेत. दर महिन्याला रजा कशाला लागते, असं वर्गाच्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी विश्वासाने खरं सांगितलं. आठवड्यात गावभर झालं. आता तिला वेगळं बसवतात, खिचडीच्या पंगतीत घेत नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दे आणि दुसरीकडे नाव घाल. वर म्हणतात, तू अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, मोठ्या माणसाला आण. आजीला चालवत नाही. मी काय करू?

उत्तर : तो अर्ज देऊ नकोस. बाकीचं सगळं त्यानंतर.

मुख्याध्यापक तिला काढून टाकल्याचं पत्र देत नाहीत, तुझ्याकडून अर्ज मागतात, यामागचं कारण समजून घे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुझा अर्ज असला की कागदावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच राहतं आणि शाळा मोकळी होते. उद्या तक्रार केलीस तर तुझीच सही तुला दाखवतील. शाळा बदलण्याचा हक्क मुलीचा आहे. तिला जायचं असेल तेव्हा तिने तो वापरावा, शाळेने तिच्यावर लादू नये.

आता तुझ्या वयाचं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७, हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं ३२वं कलम तुझ्यासारख्यांसाठीच आहे. आईबाप गेले आणि थोरलं भावंडच घर चालवतंय, अशी कितीतरी घरं या आजाराने केली. म्हणून कायदा सांगतो की एचआयव्हीची झळ बसलेल्या घराचा कारभार पाहणारं, पुरेशी समज असलेलं, १२ ते १८ वयातलं भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं. शाळाप्रवेश, उपचार, बँकेचं खातं, मालमत्ता, या सगळ्यासाठी. तेव्हा ‘तू अज्ञान’ हे उत्तर इथे चालत नाही. या कलमाची प्रत काढून घे आणि पुढच्या वेळी त्यांच्या टेबलावर ठेव.

वेगळं बसवणं आणि जेवणातून वगळणं हा याच कायद्याच्या कलम ३ खाली भेदभाव आहे. शिक्षण नाकारणं, अर्धवट तोडणं, शिक्षणात अन्यायाने वागवणं, तिन्हींना तिथे मनाई आहे. शिकायचं असेल तर तपासणीचा रिपोर्ट आणा, असंही कुणी म्हणू शकत नाही. पॉझिटिव्ह व्यक्तीबरोबर राहणाऱ्यालाही संरक्षण आहे, म्हणजे उद्या तुझ्या कॉलेजात कुणी त्रास दिला तर तुलाही.

बाईंनी केलं त्याचं मला फार वाईट वाटलं. विश्वासाने सांगितलेली अशी माहिती लेखी संमतीशिवाय तिसऱ्याला सांगायला कलम ८ मनाई करतं. यापुढे रजेच्या चिठ्ठीत फक्त ‘वैद्यकीय कारण’ लिही. कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणी तुला त्याहून जास्त सांगायला भाग पाडू शकत नाही.

मुख्याध्यापकांना पत्र लिही : कोणत्या तारखेपासून वेगळं बसवलं, जेवण कधी नाकारलं, काय बोलले. वर ‘गोपनीय’ लिहून बंद पाकिटात दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, तीही तशीच बंद. आठवडाभरात फरक पडला नाही तर या कायद्याखाली राज्य शासनाने नेमलेल्या लोकपालांकडे तक्रार कर. त्यांचा पत्ता जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षातून, म्हणजे डापकूतून मिळवता येईल, नाहीतर १०९७ या हेल्पलाइनवर विचार. दोन्ही बाजू ऐकून ३० दिवसांत आदेश द्यायचं बंधन लोकपालांवर आहे. आदेश मोडला तर १० हजारांपर्यंत दंड, आणि मोडत राहिले तर रोज ५ हजारांपर्यंत वेगळा.

नाव उघड होईल या भीतीने मागे हटू नकोस. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच एका एचआयव्हीबाधित कामगाराला ‘एमएक्स’ या खोट्या नावाने दाद मागू दिली होती, आणि तो जिंकला. आता तर टोपणनावाची सोय कायद्यातच आहे. वकिलाचा खर्च तुला पडणार नाही. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र कायद्याने होणार नाही. आदेश आला तरी शेजारची मुलगी तिच्याजवळ बसेल असं नाही. २०१४ साली गोव्यात रिवणला पालकांच्या विरोधामुळे १३ मुलांना शाळेबाहेर राहावं लागलं, तेही एचआयव्हीच्या भीतीपोटीच. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून, एकच शौचालय वापरून एचआयव्ही होत नाही, हे पालकांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. पालकसभेत असं बोलायला कुणी येईल का, हे एआरटी सेंटरच्या समुपदेशकांना विचार. बोलणं सगळ्यांसाठी असावं, तुझ्या बहिणीचं नाव त्यात येता कामा नये, हे आधीच ठरवून घे.

तोवर तिला रोज शाळेत पाठव. गेटवर अडवलं तर भांडू नकोस. तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेव आणि ती वही तक्रारीला जाताना बरोबर ने.