कोटेशनमध्ये तुझा पगार कुठे आहे?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

'काका, धंदा आणि घर दोन्ही कसं सांभाळू' असं तू विचारलंस, आणि दर बरोबर आहे का ते बघा म्हणून कोटेशनचा कागदही जोडलास. मेल रात्री पावणेदोनला आली होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कागदातच सापडलं.

मशीनचा हप्ता, गाळ्याचं भाडं, लाइट बिल, ऑपरेटरचा पगार, इन्सर्ट म्हणजे धातू कापणारी बदलती पाती, अगदी मशीन थंड ठेवणारं कूलंटसुद्धा धरलंयस. तुझ्या स्वतःच्या पगाराची ओळ मात्र नाही. म्हणजे तुझे तास गिऱ्हाइकाला फुकट जातात. मग ऑर्डर अडली की पहिल्यांदा तुझीच रात्र वापरली जाते, कारण तिचा हिशोब कुठेच द्यावा लागत नाही.

साधा हिशोब कर. धातूचे भाग कापणाऱ्या तुझ्या दोन व्हीएमसी मशीन, प्रत्येकी महिन्याला ४०० तास, म्हणजे ८०० तास. महिना ५० हजार पगार घ्यायचा ठरवलास, तर तासाला ६२ रुपये ५० पैसे वाढतात. मशीनचा तासाचा साडेतीनशेचा दर सव्वाचारशेच्या आत राहतो. त्यात एक चांगला सुपरवायझर ठेवायचा असेल तर आणखी थोडं. दर वाढवलास की एखादं गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे. ते तुझ्या कामासाठी आलेलंच नव्हतं, तुझ्या फुकटच्या जागरणासाठी आलं होतं.

मी हे फार उशिरा शिकलो. तिसऱ्या पाळीत ऑपरेटर आला नाही म्हणून सलग दोन रात्री मी स्वतः मशीनवर उभा राहिलो. पहाटे टूल बदलताना ऑफसेटचा, म्हणजे टूलच्या लांबीचा आकडा चुकीचा टाकला, टूल जॉब धरणाऱ्या फिक्स्चरवर आदळलं, टूल फिरवणारं स्पिंडल गेलं. मशीन ११ दिवस बंद होतं. दोन रात्री वाचवायला गेलो होतो.

ते नुकसान भरून निघालं. दुसरं नाही निघालं. भोसरीत गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते. आमच्या अप्पांना गुरुवारी सकाळी माझ्याबरोबर पर्वती चढायची असे. बुधवारी रात्री विचारायचे, "उद्या जमेल का रे?" मी मशीनची दुरुस्ती, राहिलेली बिलं, सगळं गुरुवारवर ढकललेलं असायचं. पुढच्या गुरुवारी नक्की, असं म्हणत दोन वर्षं गेली आणि त्यांचे गुडघे गेले. शंभर-सव्वाशे पायऱ्यांचं अंतर, पण मी त्यांच्याबरोबर एकदाही चढलो नाही. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. तुला सांगतोय, कारण तुझ्या आईबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, 'ती झोपलेली असताना मी घरी येते.'

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव तुला माहीत असेल. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर, आपल्या खेड तालुक्यातलं, तुझ्या चाकणच्या गिऱ्हाइकांपासून फार लांब नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. पुढे कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तू तुझ्या ऑपरेटरची सुट्टी कधी बुडवत नाहीस, याचा मला अभिमान आहे. पण स्वतः सकाळी आठ ते रात्री अकरा, सहा दिवस, म्हणजे ९० तास उभी असतेस. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं, की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा साधारण ३५ टक्के जास्त असतो. तू त्या ५५ च्याही कितीतरी पुढे आहेस. मला काळजी वाटते.

झोप उडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अडकलेलं पेमेंट. लघुउद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी तुझी आहेच. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. लगेच भांडायला जाऊ नकोस, पण बिलावर ४५ दिवसांची ओळ छापून घे आणि माल गेला त्याच दिवशी बिल पाठव. वसुली वेळेत आली की पुढचा हप्ता भरायला नको ते काम घ्यावं लागत नाही.

आणि सेटिंगचं, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देण्याचं काम तुझ्या त्या हुशार ऑपरेटरला शिकव. पहिले दोन-तीन जॉब रिजेक्ट होतील, तो खर्च धर. रात्री नऊनंतरचे फोन त्याने घ्यावेत, आणि 'उद्या सकाळी माल पाहिजे' म्हणणाऱ्याला 'परवा देतो' म्हणण्याचा अधिकार त्याला असावा.

येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता मी पर्वतीच्या पायथ्याशी थांबतो. आईला घेऊन ये. कोटेशनचा नवा कागदही आण, वर बसून बघू.

तुझा,
काका