फुटबॉलमधल्या दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरनं परदेशी करार घ्यावा का?

एका वर्षाचा करार, जागा दुसऱ्या कीपरची, राहायची सोय क्लबकडून. जाऊ का, असं विचारलंयस. पगार नंतर बघू. आधी तिथला पहिला कीपर कोण, वय काय, त्याचा करार कधी संपतो ते शोध. बाकावरच्या विंगरला, म्हणजे कडेनं हल्ला करणाऱ्याला, शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. कीपर बदलतात तो शक्यतो दुखापत किंवा लाल कार्डामुळेच. पहिला कीपर छत्तीसचा असेल तर जा. तेविशीचा आणि क्लबच्याच अकादमीतला असेल, तर वर्षभर त्याला वॉर्म-अप देत बसशील आणि पुढच्या क्लबला दाखवायला एका सामन्याचाही व्हिडिओ नसेल.

परदेशी खेळाडूंचा कोटा असेल तिथे आणखी अवघड. ती जागा क्लब स्ट्रायकरसाठी राखतात. दक्षिण कोरियात वालेरी सारिचेव्ह हा परदेशी कीपर इतका भारी खेळला की इतर क्लबही बाहेरचे कीपर आणू लागले. शेवटी लीगनं १९९९ पासून परदेशी कीपरच बंद केले, ती बंदी उठली थेट २०२६ च्या हंगामात! पठ्ठ्यानं २००० मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं आणि शिन उइ-सोन नावानं खेळत राहिला. असं नशीब धरून चालू नकोस.

पगार थकतो, हे मात्र धरूनच चाल. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला की लेखी नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर करार तोडता येतो. म्हणून बँक स्टेटमेंट जपून ठेव. पण उठसूट क्लब बदलताही येत नाही: एका हंगामात नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांत, अधिकृत सामने त्यातल्या दोघांकडूनच. शिवाय आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर सर्टिफिकेट येईपर्यंत तू स्टँडमध्ये. ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागणारा एजंट दिसला की फोन ठेव.

बोट निखळलं, खांदा गेला तर ऑपरेशन कोणाच्या खर्चानं, तोवर पगार चालू का, हे करारात लिहून घे. फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक खेळलेल्या लुट्झ फानेनश्टील या जर्मन कीपरचा २००२ मध्ये इंग्लंडमध्ये धडकेनंतर श्वास थांबला होता, मैदानावरच वाचवला त्याला.

गेलासच तर व्याकरणाच्या नादी लागू नकोस. ‘माझा’, ‘काढ’, ‘वर चला’, ‘मागे माणूस’, डावा, उजवा, एवढं बचावपटूंना तिथल्या भाषेत पहिल्याच आठवड्यात ओरडून सांगता यायला हवं. कॉर्नरला तू ओरडलास आणि स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, वळून तुझ्या तोंडाकडे बघत राहिला, की बॉल नेटमध्ये.

पहिल्या कीपरची माहिती काढ आणि सही करण्याआधी करार मला पाठव.