गोव्याहून लेह: थंडी नंतर, आधी पगाराचे महिने मोजा

पत्र: माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून तीन वर्षांपासून गोव्यात, कळंगुटच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. सध्या कॉमी वन (किचनमधला कनिष्ठ स्वयंपाकी), पगार १९ हजार, राहणं-जेवण हॉटेलचं. दर पावसाळ्यात दीड महिना बिनपगारी सुटी घेऊन धानाच्या रोवणीला घरी येतो. आता त्याचा मित्र त्याला लेहच्या एका हॉटेलात बोलावतो आहे. तिथे डीसीडीपीची (डेमी शेफ द पार्टी, कॉमीच्या वरची पायरी) पोस्ट आणि २६ हजार पगार म्हणतात. पोरगा एका पायावर तयार आहे. त्याची आई म्हणते, उन्हात वाढलेलं पोर बर्फात कसं जगणार? त्याला गोव्यातच राहू द्यावं, लेहला पाठवावं, की इकडे ताडोब्याला कुठे लावून घ्यावं?
– एक शेतकरी वडील, ता. मूल, जि. चंद्रपूर

नमस्कार भाऊ,

पगाराचा आकडा तुम्ही लिहिला, थंडीची काळजीही लिहिली, पण ज्यावर सगळं अडतं ते पत्रात नाही. लेहचं ते हॉटेल वर्षातले किती महिने चालतं? हे मुलाने मित्राला विचारलंच नसेल, असा माझा अंदाज आहे. तेवीसाव्या वर्षी पोस्ट आणि पगार ऐकू येतो, महिने ऐकू येत नाहीत.

लेहमधली बहुतेक हॉटेलं एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरमध्ये कुलूप लावतात. हिवाळ्यात तिथे रात्रीचा पारा उणे १५-२० पर्यंत जातो, नळाचं पाणी गोठतं, मनालीकडून येणारा रस्ता काही महिने बर्फाखाली असतो. गोठलेल्या नदीवरून चालायला येणारे आणि हिमबिबट्या पाहायला येणारे थोडे लोक सोडले, तर पर्यटक नसतोच. त्यामुळे बोलावणं सीझनपुरतं असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर वहिनींना सांगा, ज्या बर्फाची त्यांना भीती वाटते तो पडायच्या आत पोरगा घरी असेल. जुलैत लेहला दुपारी २५ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या गावातल्या माणसाला ते हवेशीरच वाटेल.

पण मग हिशेब बदलतो. गोव्यात १९ हजारांनी साडेदहा महिने धरले तर वर्षाचे जवळपास दोन लाख होतात. लेहला २६ हजारांनी सहा महिने म्हणजे १ लाख ५६ हजार. पगार वाढला आणि कमाई ४४ हजारांनी घटली! यात गोव्यातला सर्व्हिस चार्जचा वाटा धरलेला नाही. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत तो किती हाती येतो, ते मुलाला तोंडपाठ असेल. लेहला सर्व्हिस चार्ज आहे का, आणि असला तर किचनपर्यंत पोचतो का, हेही विचारायला लावा. विमानाचं भाडं कोण देणार? सीझनमध्ये दिल्ली-लेहचं तिकीट चांगलंच महाग असतं. येण्या-जाण्याचा खर्च त्याच्या खिशातून गेला तर पहिल्या महिन्याचा बराच पगार तिथेच संपला म्हणून समजा.

आता तुमच्या घरचं गणित. गोव्याचा मंदीचा काळ पावसाळा, म्हणून तो रोवणीला येऊ शकतो. लेहचा भर हंगाम म्हणजे जून ते सप्टेंबर. ज्या आठवड्यात बांधीत चिखल होतो, त्याच आठवड्यात तिथे हॉटेल भरलेलं असतं आणि सुटी मागणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कोणी बोलावत नाही. लेह म्हणजे रोवणीला पोरगा नाही. मजूर लावावे लागतील, त्यांची मजुरी याच हिशेबात लिहा. उलट धानाच्या कापणीला आणि चुरण्याला तो हजर असेल, आणि दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात तेव्हा मंडईच्या जत्रेतही सापडेल. तुम्हाला कोणते महिने जास्त अडचणीचे, हे तुम्हीच ठरवायचं आहे. मी शहरात बसून ते सांगणं बरोबर नाही.

पोस्टबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. कॉमी वनवरून डीसीडीपी म्हणजे बढती, हे खरं. पण हॉटेलात पोस्टचं वजन हॉटेलवर ठरतं. पंधरा-वीस खोल्यांच्या सीझनल हॉटेलात किचनला चार माणसं असली की त्यातल्या एकाला डीसीडीपी म्हणतात, दुसऱ्याला सीडीपी (एका सेक्शनचा प्रमुख). पुढच्या मुलाखतीत शेफ विचारणार: रोज किती कव्हर, म्हणजे किती पाहुण्यांचं जेवण, काढत होता? कोणता सेक्शन? बुफे की आ ला कार्ट? हाताखाली किती जण? या प्रश्नांची उत्तरं लेहच्या नोकरीतून बळकट होत असतील तर पोस्ट खरी. नाहीतर ती नुसती नेमप्लेट. गोव्यातल्या मोठ्या किचनमधला कॉमी वन कधीकधी अशा डीसीडीपीपेक्षा वरचढ ठरतो. शिवाय मासळीचं जे काम तो तीन वर्षं शिकला, ते लेहला बरंचसं पडून राहील. तिथे थुकपा, मोमो, खंबीर रोटी आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी तेच पनीर-दाल-तंदुरी चालतं. गोव्याजवळ आणखी एक दार आहे, जे लेहला नाही: क्रूझ जहाजांवरच्या किचनची भरती. त्यासाठी चांगल्या हॉटेलातला सलग अनुभव पाहतात. मुलाच्या मनात कधी जहाज असेल तर मधेच सहा महिन्यांच्या नोकरीवर जाणं त्याच्या फायद्याचं नाही.

शिकायला मात्र लेहला नक्की मिळेल. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कारण हवेचा दाब कमी. भात कच्चा राहतो, डाळ शिजता शिजत नाही, कुकरशिवाय पान हलत नाही. बेकिंगचं प्रमाणही बदलावं लागतं. धानपट्ट्यातल्या पोराला भात शिजवायला नव्याने शिकावं लागेल, ही गंमत त्याला सांगून बघा. जो स्वयंपाकी हे जमवतो त्याला डोंगराळ भागातल्या कुठल्याही हॉटेलात काम मिळतं.

आता आरोग्याचं. हा भाग मुलाला स्वतःला वाचायला द्या. थंडीपेक्षा उंची जास्त त्रास देते. लेहला श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश असतो, आणि तुमचा मुलगा तर थेट समुद्रकाठावरून विमानाने वर जाणार. पहिले ४८ तास पूर्ण आराम, भरपूर पाणी, दारू अजिबात नाही, हा तिथला सर्वमान्य नियम आहे. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे पहिल्या दिवसांत होतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि लवकरात लवकर खाली उतरायचं. लेहला सोनम नोरबू मेमोरियल हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. हॉटेलवाला पहिल्याच संध्याकाळी ड्यूटीवर उभा करत असेल, तर तो माणसांना कसं वागवतो ते तिथेच कळतं.

यापेक्षाही मोठी गोष्ट सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या पूर्व विदर्भात, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याला हा आजार आहे त्याने लेहसारख्या उंचीवर नोकरीला जाऊच नये. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी आकार बदलतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि वेदनेचा झटका येतो. जो केवळ वाहक आहे, ज्याला खाली राहून काहीच त्रास नाही आणि म्हणून कधी तपासणीच केलेली नाही, त्यालाही एवढ्या उंचीवर प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. गोव्यात समुद्रसपाटीवर तीन वर्षं ठणठणीत राहिला, यावरून लेहबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिच्यात आपले जिल्हे आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट होते. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी. रिपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. वाहक निघाला तर डॉक्टरांना ‘साडेतीन हजार मीटरवर सहा महिने राहायचं आहे’ असं नेमकं सांगून विचारा. नुसतं ‘बाहेरगावी नोकरी आहे’ म्हटलं तर ते हो म्हणतील.

समजा हॉटेल बारमाही निघालं, तर वहिनींची काळजी रास्त आहे आणि काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्या लागतील. स्टाफच्या खोलीत हीटिंग कशाचं? गेस्टच्या खोलीत चांगली सोय आणि स्टाफला पत्र्याच्या खोलीत एक ब्लँकेट, असं होऊ शकतं. आपल्याकडे थंडीत शेगडी घरात ओढायची सवय आहे. तिथे बंद खोलीत कोळसा किंवा बिनधुराड्याची बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवून झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जाणं. याचा वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. हे मात्र फोनवर नव्हे, समोर बसवून सांगा. कपड्यांचं सोपं आहे: अंगाला सुती बनियन नको, थर्मल हवं, कारण तव्यासमोर घामाने भिजलेलं सूत बाहेर आल्यावर अंग गार करतं. मोबाइलचंही आत्ताच सांगतो. बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. नाहीतर पहिल्या आठवड्यात फोन लागणार नाही आणि घरी जेवण जाणार नाही.

मुलाला थंड मुलूखच बघायचा असेल तर लेहचाच हट्ट का? मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे, उंचीचा धोका बराच कमी, रस्ता वर्षभर आणि हॉटेलं बहुतेक बारमाही. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून पलीकडच्या लाहौललाही हिवाळ्यात माणसं जातात. गुलमर्गचा तर खरा हंगामच बर्फाचा, डिसेंबर ते मार्च. काश्मीरबाबत एक लक्षात ठेवा: एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला हल्ला झाला आणि ऐन सीझनमध्ये बुकिंगं रद्द झाली. अशा भागातल्या हॉटेलचा करार करताना ‘हॉटेल मधेच बंद पडलं तर पगार किती महिन्यांचा’ हे कलम वाचायचंच. लेहलाही तेच.

ताडोब्याचं तुम्ही सहज विचारलं, पण मला ते सगळ्यात कामाचं वाटलं. कोअर क्षेत्र पावसाळ्यात तीन महिने बंद असतं आणि ऑक्टोबरपासून उघडतं. लेह नेमकं त्याच वेळी बंद होतं. मोहर्लीकडच्या रिसॉर्टांत ऑक्टोबर ते मार्च काम मिळालं, समजा तीन महिने तरी १५ हजारांनी, तर वरचे ४४ हजार भरून निघतात आणि पोरगा आपल्याच जिल्ह्यात असतो. फक्त लेहहून परत आल्यावर शोधू नका. जायच्या आधी दोन-तीन रिसॉर्टांच्या शेफना भेटून ठेवायला सांगा. ताडोब्यालाच बारा महिने राहू दे असं मी म्हणणार नाही, या वयात त्याने मोठ्या किचनमध्ये रगडून घ्यावं.

तर माझं मत असं. सिकलसेल रिपोर्ट निगेटिव्ह असेल, लेहच्या हॉटेलात निदान चाळीस खोल्या असतील, जाण्या-येण्याचं भाडं ते देत असतील आणि हिवाळ्याचं काम आधी बोलून ठेवलं असेल, तर एक सीझन जाऊ द्या. या चारांतली एक जरी गोष्ट कमी पडली तर गोवा सोडू नये. उलट गोव्यातच मोठ्या हॉटेलात कॉमी वनवर उडी मारावी, पगार दोन हजारांनीच वाढला तरी चालेल. मित्राच्या शब्दावर राजीनामा तर मुळीच नको. ऑफर लेटर हॉटेलच्या लेटरहेडवर हवं. त्यात पोस्ट, पगार, कामाचे महिने, आठवड्याची सुटी आणि पीएफ कापणार की नाही, हे लिहिलेलं हवं. गोव्यातून निघताना रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटर घेतल्याशिवाय सामान बांधायचं नाही. ते नसेल तर तीन वर्षं कागदावर नसल्यातच जमा.

लेहची भरती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि गोव्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल, म्हणजे तुमच्याकडे थोडे आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी उरकून घ्या. मुलगा गोव्यात असेल तर तिथल्या सरकारी रुग्णालयात होते का ते विचारायला सांगा, झाली तर गावी यायची गरज नाही. ऑफर लेटर आलं की त्याचा फोटो मला पाठवा. मी सगळ्यात आधी ‘कामाचे महिने’ ही ओळ बघणार आहे.