एकाच रेकॉर्डिंगमध्ये एकाचा आवाज मोठा, दुसऱ्याचा बारीक. स्क्रीन रीडर वापरून तो सारखा कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की दोघांच्या गप्पांचं तासभराचं रेकॉर्डिंग आहे, एकाचा आवाज कानावर आदळतो आणि दुसऱ्याचा ऐकायला व्हॉल्यूम वाढवावा लागतो. नॉर्मलाइझ करून पाहिलं, काहीच फरक पडला नाही. आणि पडद्यावरची आवाजाची लाट दिसत नसताना हे काम जमेल का, असंही विचारलंय.

जमेल. मी गेली काही वर्षं ऑडॅसिटी (आवाज संपादनाचा प्रोग्राम) आणि एनव्हीडीए (स्क्रीन रीडर) या जोडीवर हेच काम करते. लाट पाहणारा माणूस जे डोळ्यांनी अंदाजाने ठरवतो, ते आपण आकड्याने ठरवतो, आणि आकडा अंदाजापेक्षा बरा.

आधी नॉर्मलाइझने फरक का पडला नाही ते सांगते. नॉर्मलाइझ संपूर्ण फाइलमधला सर्वात उंच बिंदू शोधतं आणि तो ठरावीक पातळीला येईल इतकाच सगळा आवाज एकसारखा वर-खाली करतं. दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं. माझ्याकडच्या एका मुलाखतीत मधेच कुणीतरी टेबलावर जोरात हात आपटला होता. तो एक आवाज आधीच कमाल पातळीला भिडलेला, त्यामुळे बाकीचा तास वाढायला जागाच नव्हती. तेवढा अर्धा सेकंद निवडून खाली आणला तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

सुरुवात करण्यापूर्वी एनव्हीडीएचं ऑडिओ डकिंग बंद करा: एनव्हीडीए की, शिफ्ट आणि डी. हे चालू असेल तर एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज दबतात, आणि रेकॉर्डिंग बारीक आहे की डकिंगने बारीक केलंय हे कळत नाही. मी स्वतः या फसवणुकीत एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

आता मुख्य काम. दोघांचे ट्रॅक वेगळे असतील तर तुम्ही भाग्यवान: वर-खाली बाणांनी ट्रॅकवर जा, एंटरने निवडा आणि प्रत्येकाला वेगळं लाउडनेस नॉर्मलायझेशन द्या (ते उंच बिंदू न पाहता कानाला जाणवणारी सरासरी पातळी ठरावीक आकड्याला आणतं). एकाच ट्रॅकवर दोघं असतील तर थोडी मेहनत आहे, पण तिचा मार्ग ठरलेला आहे.

फाइल स्पेसने सुरू करा. मोठ्या आवाजाच्या माणसाचं एखादं सलग वाक्य सुरू होताच डावा चौकोनी कंस दाबा, संपताच उजवा. तेवढा तुकडा निवडला जातो. स्पेसने थांबा आणि अॅनलाइझ मेनूतलं काँट्रास्ट उघडा. ‘फोरग्राउंड’समोरचं मेझर सिलेक्शन बटण दाबलं की त्या तुकड्याची सरासरी पातळी डेसिबलमध्ये मिळते. ही खिडकी उघडी ठेवून ट्रॅकवर परत जाता येतं. आता बारीक आवाजाच्या माणसाचं वाक्य तसंच निवडा आणि ‘बॅकग्राउंड’खाली मोजा. दोघांमधला फरक खिडकी स्वतःच सांगते. मुळात हे साधन वेबवरच्या सुगम्यतेच्या नियमासाठी केलेलं आहे, बोलणं पार्श्वभूमीपेक्षा 20 डेसिबलने वर आहे का हे तपासायला. आपल्याला मात्र ते माणसामाणसांतलं अंतर मोजून देतं.

समजा फरक 9 डेसिबल आला. बारीक आवाजाचा तुकडा निवडून इफेक्ट मेनूतल्या व्हॉल्यूम अँड कॉम्प्रेशन गटातलं अॅम्प्लिफाय उघडा आणि 9 लिहा. ओके किंवा अप्लाय बटण बंद दिसलं तर अलाउ क्लिपिंगवर खूण करा. घाबरू नका: ऑडॅसिटी आत 32 बिट फ्लोटमध्ये काम करते, त्यामुळे शून्याच्या वर गेलेला आवाज फाटून कायमचा बिघडत नाही, नंतर खाली आणला की जसाच्या तसा मिळतो. बिघडतो तो एक्सपोर्ट करताना, म्हणून तोवर पातळी आवरली की झालं.

यानंतरचे तुकडे भराभर होतात. ऐकत राहा, बारीक माणूस बोलायला लागला की डावा कंस, थांबला की उजवा कंस, स्पेस, आणि कंट्रोल आर. हा शॉर्टकट शेवटचा इफेक्ट त्याच आकड्यांनी पुन्हा लावतो, खिडकी न उघडता. दहा-बारा तुकड्यांत हाताला लय बसते. कंसाला क्षणभर उशीर झाला तर वाक्याचं पहिलं अक्षर बारीक राहतं, म्हणून मी कंस श्वासावरच दाबते. चुकलं तर कंट्रोल झेड आहेच. अॅम्प्लिफायचा आणखी एक उपयोग: काहीही निवडून ते उघडलं की शून्याला पोचायला किती वाढ लागेल तो आकडा आधीच भरलेला असतो. तो वाचायचा आणि एस्केप करायचं. म्हणजे पीक मीटर न बघता पीक, म्हणजे सर्वात उंच बिंदू, कळला.

एवढ्यानेही एक दोष उरतो. बरेच लोक वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतात, आणि आपल्या भाषेत नेमकं शेवटीच ‘नाही’ येतं. ‘हे मला जमणार नाही’ यातलं शेवटचं बुडालं की ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो. हे तुकड्यातुकड्याने सुधारणं अशक्य, इथे कॉम्प्रेसर हवा. तो मोठा आवाज दाबतो, त्यामुळे सगळंच वर आणता येतं. त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वरचा आवाज दाबायचा ती पातळी, आवाजाच्या पातळीला धरून असतो, म्हणून आधी सगळं निवडून लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे 20 ला करा, मग कॉम्प्रेसरमध्ये थ्रेशोल्ड उणे 20 आणि रेशो (किती जोराने दाबायचं तो आकडा) 3 ठेवा. बाकी आकड्यांना हात लावू नका. ऑडॅसिटी 3.6 मध्ये कॉम्प्रेसर नवा झाला आणि त्यात रेशो आधीपासून 10 असतो. बोलण्यासाठी तो फार होतो, आवाज गुदमरल्यासारखा वाटतो.

मात्र कॉम्प्रेसरनंतर पंख्याची घरघर, श्वास, खुर्चीची करकर, सगळंच वर येतं. माझ्या पहिल्या मुलाखतीत प्रत्येक वाक्यानंतर लॅपटॉपचा पंखा फुगून यायचा आणि पुढचं वाक्य सुरू झालं की बसायचा. घरघर असेल तर नॉइज रिडक्शन कॉम्प्रेसरच्या आधी, आणि तेही हलकंच.

शेवटी पुन्हा लाउडनेस नॉर्मलायझेशन, या वेळी उणे 16 लफ्सला (LUFS, कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक). त्यात आधीपासून भरलेला उणे 23 हा युरोपातल्या प्रसारणाचा दंडक आहे, 2010 च्या आर 128 शिफारशीतला. फोनवर ऐकायला तो बारीक पडतो. पॉडकास्टसाठी उणे 16 सर्रास वापरतात. ट्रीट मोनो अॅज ड्युअल मोनोची खूण तशीच राहू द्या. त्यानंतर लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा इफेक्ट. नव्या आवृत्तीत थ्रेशोल्ड आणि मेकअप टार्गेट दोन्ही उणे 1, जुन्यात लिमिट टू उणे 1.

तुमच्याकडे एक फाइल नसून वेगवेगळ्या पातळ्यांच्या शंभर फाइली असतील, तर एवढं काहीच करू नका. एमपी3गेन हा प्रोग्राम पूर्ण एमपी3 फाइल दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी वर-खाली करतं, आवाजाची गुणवत्ता न घालवता. पण एका फाइलच्या आतला चढउतार ते सुधारत नाही. ऑडॅसिटीतलं एन्व्हलप टूलही (लाटेवर ओढून आवाज कमी-जास्त करायचं साधन) शिकायच्या भानगडीत पडू नका, ते माउसवर चालतं. रीपर हा दुसरा संपादन प्रोग्राम आणि तो स्क्रीन रीडरला सुगम करणारं ओसारा ही जोडी कीबोर्डवर उत्तम चालते आणि मोठ्या कामाला मी तीच सुचवेन, पण ती शिकायला वेळ लागतो. तुमची एक फाइल ऑडॅसिटीत आधी होऊन जाईल.

मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून मगच सुरू करा. एक्सपोर्ट झाल्यावर हेडफोन काढून फोनच्या छोट्या स्पीकरवर मधली पाच मिनिटं ऐका. बारीक आवाजाच्या माणसाचा ‘नाही’ तिथे ऐकू आला, तर फाइल पाठवायला हरकत नाही.